अमेरिकी विद्यापीठाची मॅथ प्लेसमेंटची अट: प्रवेश मिळाल्यापासून वर्गनोंदणीपर्यंत काय करावे

अमेरिकेतल्या विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळतो, अनामत भरून होते, वसतिगृहाची खोलीही ठरते, आणि पहिल्या सत्राची वर्गनोंदणी करायला बसल्यावर कित्येक विद्यार्थ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. गणिताचा हवा तो वर्ग निवडताच येत नाही, कारण मॅथ प्लेसमेंट, म्हणजे बहुधा चाचणी घेऊन गणिताची पातळी ठरवणे, पूर्ण झालेले नसते. ही अट म्हणजे दुसरी प्रवेश परीक्षा नव्हे. तिच्यात कोणी नापास होत नाही आणि तिच्या निकालामुळे दिलेला प्रवेश काढून घेतला जात नाही. विद्यार्थ्याला कॉलेज अल्जिब्रा (बीजगणित), प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसच्या आधीची तयारी) किंवा कॅल्क्युलस यांपैकी कोणत्या वर्गापासून सुरुवात करू द्यावी, एवढेच तिच्यातून ठरते. मात्र या एका निर्णयावर पहिल्या वर्षाचे सगळे वेळापत्रक आणि अभियांत्रिकीसारख्या शाखांत पदवीला लागणारा एकूण काळही अवलंबून असतो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात उरकून टाकण्यासारखी बाब नाही.

या लेखातील सगळ्या सूचनांमागे एक ठाम मत आहे, ते आधीच सांगून ठेवतो. प्लेसमेंटमधला आकडा मोठा येण्यापेक्षा खरा येणे महत्त्वाचे आहे. आणि खरा आकडाच चांगला यावा असे वाटत असेल, तर उजळणी चाचणीच्या आधी करायला हवी.

पहिली पायरी: आपल्या पदवीला कोणते गणित लागते ते पाहा

बहुतेक विद्यार्थी थेट चाचणीच्या दुव्याकडे वळतात. त्याआधी आपल्या विभागाच्या संकेतस्थळावर पदवीचा सत्रवार आराखडा शोधावा आणि पहिल्या सत्रात गणिताचा कोणता वर्ग लिहिलेला आहे ते पाहावे. अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राच्या आराखड्यात, तसेच संगणकशास्त्राच्या बहुतेक आराखड्यांत, पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस वन असते. व्यवसाय व्यवस्थापनाच्या शाखांत कॉलेज अल्जिब्रा किंवा व्यवसायासाठीचे कॅल्क्युलस चालते, मानसशास्त्र व समाजशास्त्राला बहुधा संख्याशास्त्र लागते, तर साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पुष्कळ ठिकाणी व्यवहारातील संख्यात्मक विचारावर आधारलेला एखादा वर्ग पुरतो. ज्याला केवळ संख्याशास्त्र घ्यायचे आहे, त्याने कॅल्क्युलसच्या पात्रतेसाठी उन्हाळाभर झुरण्याचे कारण नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र ही साखळी नीट समजून घ्यावी. कॅल्क्युलस वन, टू, थ्री आणि त्यांच्यासोबत किंवा पाठोपाठ डिफरन्शियल इक्वेशन्स अशी ही मालिका साधारण चार सत्रे चालते आणि प्रत्येक वर्गासाठी आधीचा वर्ग उत्तीर्ण झालेला असावा लागतो. कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्राचा पहिला वर्ग घ्यायला कॅल्क्युलस वन झालेले किंवा निदान त्याच सत्रात चालू असावे लागते. पुढे स्थितिकी किंवा विद्युत्परिपथ यांसारखे विषय त्या भौतिकशास्त्रावर उभे असतात. त्यामुळे सुरुवात प्रीकॅल्क्युलसपासून झाली की केवळ गणित एका सत्राने मागे पडत नाही, त्याच्या मागची सगळी रांग सरकते. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्गालाही अनेक विद्यापीठे गणिताच्या ठरावीक पातळीची अट घालतात, आणि ते जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या लक्षात फार उशिरा येते. शाखा अजून ठरली नसेल, तर मनात असलेल्या शाखांपैकी ज्या शाखेला सर्वांत वरचे गणित लागते ती धरून तयारी करावी.

दुसरी पायरी: चाचणीविना अट पूर्ण होते का, याची खात्री करा

चाचणी हा एकमेव मार्ग नसतो. एपी (शाळेत असताना द्यायची महाविद्यालयीन पातळीची परीक्षा) कॅल्क्युलस एबी किंवा बीसी, आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचे हायर लेव्हल गणित, ब्रिटिश पद्धतीची ए-लेव्हल परीक्षा, क्लेप ही महाविद्यालयीन विषयाची परीक्षा, शाळेत असतानाच एखाद्या महाविद्यालयात पूर्ण केलेला गणिताचा वर्ग आणि काही ठिकाणी सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गणिताचे गुण, यांपैकी कशावरही अट पूर्ण होऊ शकते. एपीचे गुण १ ते ५ या श्रेणीत असतात. काही विद्यापीठे ३ गुणांवर कॅल्क्युलस वन माफ करतात, काहींना ४ किंवा ५ लागतात. आपल्या विद्यापीठाचे कोष्टक स्वतः उघडून वाचावे, मित्राच्या विद्यापीठाचे ऐकू नये. भारतातील बारावीच्या गुणांवरून बहुतेक ठिकाणी आपोआप सूट मिळत नाही; तरी काही विद्यापीठे बोर्डाची गुणपत्रिका तपासतात, म्हणून गणित विभागाला एक ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. एपी किंवा क्लेपवर मिळते ते क्रेडिट, म्हणजे पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये धरले जाणारे काम. प्लेसमेंट चाचणीवर मिळते ती केवळ अमुक वर्गात बसण्याची परवानगी. ती एकही क्रेडिट देत नाही. त्यामुळे कॅल्क्युलस वनचे क्रेडिट देणारे एपीचे गुण हाती असताना केवळ प्लेसमेंट चाचणीवर समाधान मानणे म्हणजे मिळालेले क्रेडिट सोडून देण्यासारखे आहे.

एपीच्या बाबतीत वेळेचा घोळ दरवर्षी होतो. परीक्षा मे महिन्यात होतात आणि गुण जुलैमध्ये जाहीर होतात. पण अनेक विद्यापीठांचे ओरिएंटेशन (नव्या विद्यार्थ्यांची ओळख-बैठक) आणि त्यासोबतची वर्गनोंदणी जूनमध्येच सुरू झालेली असते. ५ गुण मिळतील अशी पक्की खात्री असली, तरी प्लेसमेंट चाचणी देऊन ठेवणे शहाणपणाचे, म्हणजे जूनमध्ये हवा तो वर्ग धरता येतो आणि गुण आल्यावर बदलता येतो. प्रवेशअर्जात स्वतः लिहिलेले गुण अधिकृत धरले जात नाहीत. ते एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडून थेट विद्यापीठाकडे जावे लागतात. त्या वर्षी २० जूनपर्यंत विद्यापीठाचे नाव नोंदवले, तर एका विद्यापीठाला गुण विनाशुल्क पाठवले जातात.

राज्यानुसारही नियम बदलतात. टेक्सासमधील सार्वजनिक महाविद्यालयांत व विद्यापीठांत टीएसआय नावाची राज्याची स्वतंत्र अट आहे. तिची सध्याची चाचणी २०२१ पासून चालू असून गणितात ९५० गुण मिळाले की तिचा गणिताचा भाग पूर्ण होतो. मात्र टीएसआय पूर्ण होणे आणि गणित विभागाने कॅल्क्युलसला पात्र ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या महाविद्यालयांनी २०१८ च्या फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या) सत्रापासून आपली जुनी सामायिक गणित चाचणी बंद केली, आणि तेथे शाळेतील गुण, घेतलेले विषय व इतर परीक्षांचे गुण एकत्र पाहून सुरुवातीचा वर्ग ठरवला जातो. म्हणजे सगळीकडे चाचणी असतेच असेही नाही.

तिसरी पायरी: आपली चाचणी कोणती आणि ती कशी चालते ते समजून घ्या

सर्वाधिक आढळणारी चाचणी म्हणजे मॅग्रॉ हिल कंपनीची अ‍ॅलेक्स. कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांत) कॉलेज बोर्डाची अ‍ॅक्युप्लेसर बऱ्याच ठिकाणी असते. तिला वेळेची मर्यादा नसते आणि गणिताच्या प्रत्येक भागाचे गुण २०० ते ३०० यांच्या दरम्यान येतात. काही विद्यापीठांचे गणित विभाग स्वतःची चाचणी घेतात. तशी असेल तर विभागाने दिलेला नमुना संच हाच सर्वांत भरवशाचा अभ्यास.

अ‍ॅलेक्सबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती नेहमीच्या परीक्षेसारखी चालत नाही. तिचे मूळ अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधनात आहे. गणितातील कोणता घटक यायला आधी कोणते घटक यावे लागतात याचे जाळे तिच्या मुळाशी असते, आणि प्रत्येक उत्तरावरून ती त्या जाळ्यात विद्यार्थी कोठे उभा आहे याचा अंदाज बांधत पुढचा प्रश्न निवडते. प्रश्न जास्तीत जास्त ३० असतात, पण तेवढ्यांतून शेकडो घटकांचा अंदाज घेतला जातो. बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात. उत्तर स्वतः लिहावे लागते. साधारण एक ते दीड तास लागतो, आणि ० ते १०० मधला जो आकडा येतो तो किती टक्के घटक येतात हे सांगतो. शाळेतल्या गुणांच्या सवयीने ६५ हा आकडा पाहून खचून जाऊ नये. अनेक विद्यापीठांत त्यावर प्रीकॅल्क्युलस मिळते, आणि कॅल्क्युलस वनसाठी साधारण ७५ च्या आसपासची रेषा बऱ्याच ठिकाणी आढळते. नेमकी रेषा मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते.

या चाचणीत अंकगणितापासून प्रीकॅल्क्युलसपर्यंतचेच घटक असतात, कॅल्क्युलस नसतेच. बारावीत इंटिग्रेशनचे अवघड प्रश्न सोडवलेला विद्यार्थी तयारी म्हणून पुन्हा तेच काढून बसतो, आणि प्रत्यक्षात त्याचे गुण जातात ते परिमेय राशी, असमानता आणि लॉगॅरिदम यांत. कॅल्क्युलस वनच्याही पुढच्या वर्गात थेट बसायचे असेल, तर एपी, ए-लेव्हल किंवा विभागाची स्वतंत्र परीक्षा यांचाच आधार घ्यावा लागतो.

चौथी पायरी: पहिल्या प्रयत्नाआधी उजळणी करा

पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते की पहिला प्रयत्न काहीही न वाचता द्यावा, म्हणजे आपली खरी पातळी कळते. मला हा सल्ला पटत नाही. दोन वर्षे न हाताळलेला घटक विसरलेला असतो, न येणारा नसतो. आठ-दहा दिवस रोज तासभर उजळणी केली तर तो परत हाताशी येतो, आणि मग चाचणी जे दाखवते ते खरोखर न येणाऱ्या गोष्टींचे चित्र असते.

उजळणीचा क्रम साधा ठेवावा. अपूर्णांक, घातांक आणि वर्गमुळे. मग बहुपदींचे अवयव आणि परिमेय राशी. मग रेषीय व वर्गसमीकरणे, असमानता. त्यानंतर फंक्शन, त्यांचे डोमेन, आलेख आणि व्यस्त फंक्शन. शेवटी घातांकी व लॉगॅरिदमिक समीकरणे आणि त्रिकोणमिती. कॅल्क्युलसची पात्रता हवी असणाऱ्याने शेवटच्या दोन घटकांना निम्मा वेळ द्यावा, कारण वरची रेषा ओलांडायला तेच लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. (क्ष − १) ÷ (क्ष + २) ≥ ० ही असमानता सोडवायची आहे. घाईत विद्यार्थी दोन्ही बाजूंना (क्ष + २) ने गुणतो आणि क्ष ≥ १ असे उत्तर लिहून मोकळा होतो. पण (क्ष + २) ऋण असेल तर असमानतेचे चिन्ह उलटते, हे त्याने विचारातच घेतलेले नसते. योग्य रीत अशी की अंश आणि छेद शून्य करणाऱ्या किमती, म्हणजे १ आणि −२, संख्यारेषेवर मांडाव्यात आणि तयार झालेल्या तीन तुकड्यांत प्रत्येकी एक किंमत घालून पाहावी. −३ घातल्यास ४ येते, म्हणजे चालते. ० घातल्यास −१/२ येते, म्हणजे चालत नाही. २ घातल्यास १/४ येते, म्हणजे चालते. १ ला राशी शून्य होते म्हणून १ धरायचा, −२ ला छेद शून्य होतो म्हणून −२ सोडायचा. उत्तर (−∞, −२) ∪ [१, ∞). गोल आणि चौकोनी कंसांची ही लेखनपद्धत अमेरिकी अभ्यासक्रमात सर्रास वापरली जाते. कंस चुकला तर गणित बरोबर असूनही उत्तर चूक धरले जाते.

भारतात शिकलेल्यांनी चिन्हांच्या बाबतीत आणखी एका ठिकाणी सावध राहावे. आपल्याकडे बारावीच्या कॅल्क्युलसच्या प्रकरणांत नुसते ‘लॉग’ लिहिले की पाया ई धरला जातो. अमेरिकेतील या पातळीच्या प्रश्नांत नुसत्या ‘लॉग’चा पाया १० असतो आणि नैसर्गिक लॉगॅरिदमसाठी ‘एल-एन’ हे वेगळे चिन्ह वापरतात. शाब्दिक उदाहरणांत मैल, फूट आणि गॅलन येतात. त्यांचे रूपांतर पाठ करण्याची गरज नाही, पण एकके पाहून बिचकू नये.

पाचवी पायरी: चाचणीच्या दिवसाची व्यवस्था

चाचणीचा दुवा विद्यापीठाच्या विद्यार्थी पोर्टलमधून उघडतो, म्हणून विद्यापीठाचे खाते, विद्यार्थी क्रमांक आणि फोनवरील दुहेरी पडताळणी आधी चालू करून घ्यावी. देश बदलताना फोनचा क्रमांक बदलणार असेल, तर ही पडताळणी ऐन वेळी हमखास अडवते. चाचणीवर देखरेख असेल तर लॅपटॉपवर विशिष्ट ब्राउझर बसवावा लागतो, कॅमेरा व माइक लागतो, खोली फिरवून दाखवावी लागते आणि ओळखपत्र समोर धरावे लागते. टॅबलेट किंवा फोन बहुधा चालत नाही. विद्यापीठाच्या सूचनेत परवानगी असल्यास कोरे कागद व पेन्सिल जवळ ठेवावी. अ‍ॅलेक्समध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर वापरायचा नसतो; ज्या प्रश्नाला गरज असते तेथे तो पडद्यावरच दिसतो. शिकण्यातील अडचण, दृष्टिदोष किंवा अन्य कारणाने जास्त वेळ हवा असेल, तर विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा कार्यालयाकडे कागदपत्रांसह काही आठवडे आधी अर्ज करावा. चाचणी दिल्यानंतर मागितलेली सवलत मागच्या प्रयत्नाला लागू होत नाही.

प्रश्न अजिबात ओळखीचा नसेल तर ‘मला माहीत नाही’ हे बटण निःसंकोच दाबावे. उत्तर अडखळत का होईना येत असेल तर मात्र पूर्ण प्रयत्न करावा, कारण आळसाने दाबलेल्या त्या बटणामुळे त्या घटकावर आधारलेले पुढचे घटकही येत नाहीत असे गृहीत धरले जाऊ शकते.

देखरेख नसलेल्या चाचणीत भावाची, मित्राची किंवा एखाद्या अ‍ॅपची मदत घेण्याचा मोह होतो. पालकांना येथे कळकळीने सांगावेसे वाटते की अशा मदतीने मुलाचे नुकसानच होते. शैक्षणिक सचोटीच्या नियमांचा भंग हा एक भाग झाला; दुसरा अधिक रोजचा आहे. कॅल्क्युलसचा वर्ग बीजगणित येते असे धरूनच चालतो, प्राध्यापक ते पुन्हा शिकवत नाहीत, आणि पहिली मोठी परीक्षा काही आठवड्यांतच येते. तेथे बसलेला फटका जीपीएवर (सगळ्या विषयांच्या गुणांच्या सरासरीवर) उमटतो, आणि शिष्यवृत्ती जीपीएवर अवलंबून असेल तर पैशांवरही.

सहावी पायरी: निकाल वाचा, अभ्यास करा, पुन्हा द्या

पहिल्या प्रयत्नानंतर अ‍ॅलेक्स घटकांनुसार एक वर्तुळालेख दाखवते आणि सरावाचा विभाग खुला करते. विद्यार्थ्यांना मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही हीच. पुष्कळ विद्यापीठे पाचपर्यंत प्रयत्न देतात, पण दोन प्रयत्नांत ठरावीक काळ, बहुधा ४८ तास, जाऊ द्यावा लागतो आणि सरावाचे ठरावीक तास भरावे लागतात. ते तास केवळ पडदा उघडा ठेवून भरू नयेत. आकडा रेषेच्या जवळ असेल, तर पुढच्या वर्गाला लागणारे घटक निवडून त्यांवरच बसावे. फार लांब असेल, तर अवयव आणि अपूर्णांक यांपासून सुरुवात करावी, कारण वरचे घटक त्यांच्यावरच अडलेले असतात. प्रयत्न अनेक झाले असतील तर बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त आकडा धरला जातो, तरी नियम वाचून घ्यावा. शेवटचा प्रयत्न देखरेखीखालीच हवा अशी अटही काही ठिकाणी असते.

सातवी पायरी: तरीही आकडा कमी पडला तर

येथे तीन-चार रस्ते असतात. काही विद्यापीठांत मुख्य वर्गासोबत जोडवर्ग घेता येतो, म्हणजे कॉलेज अल्जिब्रासोबत त्याच सत्रात उजळणीचे जादा तास. वर्ष न गमावता पुढे जायचे असेल तर हा रस्ता चांगला. दुसरा रस्ता म्हणजे उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये प्रीकॅल्क्युलस पूर्ण करणे, पण तो वर्ग आपल्या विद्यापीठात कोणत्या वर्गाच्या बरोबरीचा धरला जाईल हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे. तिसरा, एक-दोन गुणांनी रेषा हुकली असेल तर गणित विभागाच्या सल्लागाराला गुणपत्रिकेसह भेटणे. परवानगी मिळेलच असे नाही, पण विचारण्यात काही जात नाही. आणि खालच्या वर्गापासून सुरुवात करणे हाही रस्ताच आहे. प्रीकॅल्क्युलस नीट करून कॅल्क्युलसला गेलेला विद्यार्थी हा, ओढूनताणून कॅल्क्युलसमध्ये बसून मध्येच वर्ग सोडणाऱ्यापेक्षा लवकर पुढे जातो, कारण सोडलेला वर्ग पुन्हा घ्यावाच लागतो आणि त्याचे शुल्कही बहुधा परत मिळत नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला फॉल आणि स्प्रिंग (जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या) सत्रांत सर्वसाधारणपणे किमान १२ क्रेडिटची नोंदणी ठेवावी लागते. गणिताचा वर्ग अडल्यामुळे भौतिकशास्त्रही गेले, तर क्रेडिट या मर्यादेखाली जाणार नाहीत अशा बेताने सामान्य शिक्षणाचे (सगळ्या शाखांना लागणारे) एखाद-दोन वर्ग आधीच हेरून ठेवावेत, आणि कोणताही वर्ग सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावे.

आठवी पायरी: नोंदणी आणि पहिले दोन आठवडे

गुण विद्यापीठाच्या नोंदणी प्रणालीत दिसायला एक-दोन कामाचे दिवस लागू शकतात, म्हणून चाचणी ओरिएंटेशनच्या आदल्या रात्री देऊ नये. निकालाच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. गुण दिसत नसतील तर सल्लागाराला ईमेल करताना तो आणि विद्यार्थी क्रमांक सोबत जोडावा. गुणांना मुदत असते, बऱ्याच ठिकाणी सुमारे एक वर्षाची, म्हणून गणित दुसऱ्या वर्षावर ढकलणाऱ्याला चाचणी पुन्हा द्यावी लागू शकते.

एपीमुळे कॅल्क्युलस वन माफ झालेल्याने थेट कॅल्क्युलस टू घ्यावे का, हे ठरवायला एक सोपा उपाय आहे: विभागाच्या संकेतस्थळावर कॅल्क्युलस वनची जुनी अंतिम परीक्षा मिळाली, तर ती घड्याळ लावून सोडवावी. सहज सुटली तर पुढे जावे. पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असलेल्यांनी एपीचे क्रेडिट सगळी वैद्यकीय महाविद्यालये मान्य करत नाहीत, हेही आधी तपासावे.

वर्ग सुरू झाल्यावर, वर्ग जोडण्याची व बदलण्याची मुदत संपण्याआधी गृहपाठाचा पहिला संच पूर्ण सोडवून पाहावा. अर्ध्याहून अधिक प्रश्नांत अडखळायला झाले, तर त्याच आठवड्यात प्राध्यापकांना त्यांच्या भेटीच्या वेळेत गाठून खालच्या वर्गात बदली मागावी. मुदतीच्या आत केलेली बदली गुणपत्रिकेवर उमटत नाही.